देसाऊचे बाउहाउस: अभ्यासदौऱ्याचा वृत्तांत

आम्ही ११ विद्यार्थी आणि दोन शिक्षक नोव्हेंबरात पुण्याहून जर्मनीला गेलो, ते मुख्यतः देसाऊ येथील बाउहाउस पाहण्यासाठी. वाल्टर ग्रोपिउस यांनी १९१९ मध्ये वायमारला स्थापन केलेली कला आणि वास्तुरचनेची ही शाळा १९२५ मध्ये देसाऊला आली आणि पुढच्याच वर्षी तिच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. बर्लिनहून प्रादेशिक गाडीने दीड-दोन तासांत तेथे पोहोचता येते आणि स्थानकाच्या पश्चिमेकडून बाहेर पडल्यास इमारत पायी दहाएक मिनिटांवर आहे.

कार्यशाळेची काचेची भिंत छायाचित्रांत अनेकदा पाहिलेली होती. परंतु एक चाक फिरवले की साखळीने खिडक्यांची सबंध रांग एकदम उघडते, ही रचना प्रत्यक्ष पाहिल्यावरच आम्हांला कळली. मी तिचे रेखाटन करण्यात पाऊण तास घालवला आणि तो मला या दौऱ्यातील सर्वांत मोलाचा वेळ वाटतो. सभागृहातील मार्सेल ब्रॉयर यांच्या पोलादी नळ्यांच्या खुर्च्याही जवळून पाहाव्यात. मूळ काच महायुद्धात नष्ट झाली होती आणि १९७६ मध्ये दर्शनी भाग पुन्हा उभारला गेला, हे आधी ठाऊक असलेले बरे.

तेथून थोडे चालत गेल्यावर पाइनच्या झाडीत शिक्षकांची घरे लागतात. बाहेरून पांढऱ्या दिसणाऱ्या क्ले आणि कँडिन्स्की या येथे शिकवणाऱ्या चित्रकारांच्या जोडघरात आत इतके रंग आहेत की आमच्यापैकी कोणीच लवकर बाहेर येईना. या दोघांची चित्रे १९२२ मध्येच कलकत्त्याच्या प्रदर्शनात आली होती, हे सरांनी तेथे उभे राहून सांगितले, तेव्हा ते घर आम्हांला एकदम जवळचे वाटू लागले. ग्रोपिउस यांचे घर मात्र बॉम्बहल्ल्यात पडले. त्या जागी २०१४ मध्ये पूर्ण झालेली नवी वास्तू जुन्या घराचा केवळ आकार सुचवते. हूबेहूब नक्कल करण्यापेक्षा हा मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटला.

जर्मनीतील अनेक संग्रहालये सोमवारी बंद असतात आणि रविवारी बहुतेक दुकानेही उघडत नाहीत, म्हणून वार पाहूनच तिकिटे काढावीत आणि खाण्याचे सामान शनिवारीच घ्यावे. आम्ही वार न पाहता बेत आखल्याने आमचा बर्लिनमधील एक दिवस वाया गेला. महाविद्यालयाचे ओळखपत्र इंग्रजीत असावे, कारण विद्यार्थी-सवलतीसाठी ते दाखवावे लागते. नोव्हेंबरात साडेचारपर्यंत अंधार पडतो. त्यामुळे शिक्षकांची घरे सकाळी पाहावीत आणि कार्यशाळा संध्याकाळसाठी राखून ठेवावी, म्हणजे आतले दिवे लागल्यावर ती काचेची भिंत बाहेरून पाहता येईल.