नमुना ८ आणि माझी पीएचडी

अर्थशास्त्रात पीएचडी म्हटलं की सगळे गणिताची भीती घालतात. माझं गणित कुठे अडलं नाही. कोर्सवर्क, आराखडा, प्रगती अहवाल, सगळं पार पडलं. अडलं ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका सरकारी कार्यालयात, घरपट्टीच्या जुन्या रजिस्टरांपाशी.

विषय होता मनीऑर्डरवर जगणाऱ्या कोकणाचं स्थित्यंतर आणि शहरीकरण. नगरपालिका नसलेल्या गावाला जनगणना शहर मानते ते लोकसंख्या किमान ५,०००, घनता चौरस किलोमीटरला ४०० आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी ७५ टक्के शेतीबाहेर असतील तरच. आमच्याकडे शेती बायका रेटतात, त्या या मोजणीत धरतच नाहीत, म्हणून ही शेवटची अट सहज सुटते. घनता काढताना मात्र सगळा कातळ आणि सडा, म्हणजे ओसाड खडकाळ पठारही, गावात धरतात. मग बाजारपेठ कितीही फुगू दे, कागदावर खेडंच. २००१ ते २०११ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली, पण बांधकामं काही थांबली नाहीत. माणसं कमी आणि घरं जास्त, हे दाखवायचं तर ग्रामपंचायतींचा नमुना ८, म्हणजे घरपट्टी आकारणीचं रजिस्टर, हवा.

साधा अर्ज दिला. क्लार्क म्हणाला, "कशाला हवंय? कोणाशी वाद आहे का?" विद्यापीठाचं पत्र दाखवलं, तर ते साहेबांकडे. साहेब मीटिंगला. पुढच्या खेपेला साहेब होते, पत्र नव्हतं. मग "ऑनलाइन आहे की सगळं!" अहो, मला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू व्हायच्या, म्हणजे १९९८ च्या आधीची रजिस्टरं हवी होती! शेवटी गणपती आले आणि अर्धं ऑफिसच गावाला गेलं.

मग माहिती अधिकाराचा अर्ज. पहिलाच करायला हवा, हे तुम्हाला सांगतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, आणि कारण अजिबात लिहू नका. कलम ६(२) प्रमाणे ते विचारताच येत नाही. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. माझं अपिलातच सुटलं. सुनावणीला तोच क्लार्क इतका गोड बोलला की मला हसू आवरेना.

हां, "सर्व रजिस्टरांच्या प्रती" मागू नका. पानाला २ रुपये पडतात. आधी अवलोकन मागा, बसून बघा, हवी तेवढीच पानं घ्या. वाळवीने खाल्लेल्या पानांचाही लेखी शेरा मागा. प्रबंधात आकडे का तुटतात ते दाखवायला उपयोगी पडतो. आणि अर्जाची पोच शिक्क्यासकटच घ्या, नुसत्या सहीवर उठू नका.