जळगावात, मे महिन्यात, २६० डिग्रीच्या पाइपवर प्रोब टेकवायला गेलो त्याची गोष्ट

मागच्या मे मध्ये जळगाव एमआयडीसीत एका तेलाच्या कारखान्यात थर्मिक फ्लुइडच्या, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या तेलाच्या, लाइनच्या पाइपची भिंत किती जाड उरलीय ते अल्ट्रासोनिक मशीनने मोजायला गेलो होतो. मशीनचा प्रोब पाइपला टेकवला की तो धातूत आवाज सोडतो, आणि तो परत यायला लागलेल्या वेळावरून मशीन जाडी काढतं. चार इंची पाइप, शेड्यूल ४० (पाइपच्या जाडीचा ठरलेला वर्ग), आत २६० डिग्रीचं तेल आणि शटडाऊन मिळणार नाही हे आधीच सांगितलेलं. रात्री पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसला बसलो, सकाळी जळगावला उतरलो, आणि कामाचं परमिट हातात पडेपर्यंत अकरा वाजले. ही पहिली चूक. खान्देशात मे मध्ये अकरा म्हणजे काम आवरायची वेळ असते, सुरू करायची नाही.

आमचा पोरगा घाईत बॅगेतून साधं जेल (प्रोब आणि पाइपमध्ये लावायचं, म्हणजे मधे हवा न राहता आवाज आत जातो) घेऊन आलेला, ते पाइपला लावल्या लावल्या चर्र झालं आणि वाळून पापुद्रा. हाय टेम्परेचरची पेस्टच लागते आणि ट्यूबवर किती डिग्रीपर्यंत लिहिलंय ते वाचून घ्या, त्याच्यावर गेलात तर धूर निघतो, पेटूही शकते, आणि शेजारी गरम तेलाची लाइन आहे. प्रोबचंही तेच. साधा प्रोब पन्नास-साठ डिग्रीचा गडी, २६० वर टेकवला तर आवाज काढणारा क्रिस्टल राहू दे, त्याचा चिकटवलेला जोडच आधी सुटतो. आमच्या प्रोबवर ५०० लिहिलेलं, पण त्याचा अर्थ पाचेक सेकंद टेकवा, आकडा फ्रीझ करा, उचला, मग मिनिटभर थंड करा. मी पहिल्या एल्बोवर (पाइपच्या वळणावर) आकडा स्थिर होईना म्हणून दाबून धरून बसलो, तर आकडा हळूहळू वाढतच चाललेला! पाइप थोडाच जाड होतोय, प्रोबचं टोक तापत होतं, त्यातून आवाज सावकाश जायला लागतो आणि झिरो, म्हणजे मशीन जिथून मोजायला सुरू करतं तो बिंदू, सरकतो. त्यामुळे दर थोड्या वेळाने झिरो परत घ्या. थंड करायला बादली ठेवलेली पण तिकडे दुपारी बादलीतलं पाणी पण कोमट, शेवटी ऑपरेटरच्या माठातलं मागून घेतलं. तो भला माणूस, दर पॉइंटला विचारायचा, "काय म्हनस भाऊ तुमनं मशीन?"

अजून एक, चामड्याचे हातमोजे घालून मशीनची बटणं दाबता येत नाहीत. दोन माणसं न्या, एक प्रोब धरेल, दुसरा फ्रीझ करेल आणि लिहील.

आता खरा मुद्दा, ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय. स्टील तापलं की त्यातून आवाज हळू जातो, साधारण दर ५५ डिग्रीला एक टक्का. मशीनला ते माहीत नसतं, ते ५९२० मीटर प्रति सेकंद धरून चालतं आणि पाइप आहे त्यापेक्षा जाड दाखवतं. मशीन जुळवून घ्यायचा आमचा माहीत जाडीचा स्टीलचा ब्लॉक ४० डिग्रीचा (तोही आधी पत्र्यावर उन्हात राहिलेला, हातात धरवेना, मग सावलीत आणला), पाइप २६०, म्हणजे २२० चा फरक, चार टक्के कमी करायचे. पंपाच्या पुढच्या एल्बोच्या बाहेरच्या वळणावर आकडा आला ५.३५ मिलिमीटर. नवा पाइप ६.०२ चा असतो पण बनवतानाच थोडा पातळ निघण्याची साडेबारा टक्के सूट धरली तर ५.२७ पर्यंतचा नवाही चालतो, म्हणून मेंटेनन्सचे साहेब खूश, म्हणाले घासलेलंच नाही. चार टक्के काढले तर ५.१४. म्हणजे घासलाय! लगेच फुटेल असं नाही, प्रेशरच्या हिशोबाने लागणारी जाडी वेगळी आणि बरीच कमी असते, पण पुढच्या वर्षी कोणी लाइन थंड असताना मोजली आणि ५.१४ आला तर वर्षात ०.२१ गेले म्हणून बोंब होईल, प्रत्यक्षात काहीच गेलेलं नसेल. म्हणून रिपोर्टमध्ये प्रत्येक पॉइंटपुढे पाइपचं तापमान लिहा, कच्चा आकडा आणि दुरुस्त आकडा दोन्ही. बऱ्याच जुन्या रिपोर्टमध्ये हे नसतंच, आम्हाला दिलेल्यात पण नव्हतं, त्यामुळे तुलना कशाशी करायची हाच प्रश्न.

रॉकवूल (पाइपवरचं उष्णता अडवणारं आवरण) काढून मोजण्यासाठी खिडकी कापताना जागा मार्करने नाही, पंचने खुणा करून ठेवा, मार्कर उडतो. रोजच मोजायचं असेल तर कायमचे बसवायचे सेन्सर मिळतात, स्टीलच्या लांब पट्टीवरून आवाज पाठवतात आणि क्रिस्टल उष्णतेपासून लांब राहतो, पण दहा-बारा पॉइंटसाठी तो खर्च मला पटत नाही.

दुसऱ्या दिवशी आदल्या रात्रीच परमिट करून घेतलं, सहाला सुरू, साडेनऊला उरलेले सगळे पॉइंट संपले. मग शेवभाजी, तिखट झेपत असेल तरच मागवा.