चप्पल निसटली आणि मला पत्ताच नाही : माझा बी-१२ चा अनुभव

मागच्या वर्षी स्वारगेटला बसमध्ये चढलो, सीटवर टेकलो तर शेजारचा पोरगा म्हणतो, काका तुमची एक चप्पल कुठाय? बघतो तर उजवा पाय मोकळा. चप्पल खाली फलाटावरच राहिलेली आणि मला कळलंच नाही. तिथं हसून घेतलं पण रात्री झोप आली नाही, कारण तळपायाला मुंग्या सात-आठ महिने येतच होत्या, सगळे म्हणायचे शुगरवाल्यांना होतंच असं, आणि मीही तेच धरून बसलो होतो.

मी माळकरी, अंडंसुद्धा नाही. शुगरची गोळी मेटफॉर्मिन ९ वर्षं चालू. चपलेच्या प्रकाराआधी थकवा येतो म्हणून दाखवलं होतं, हिमोग्लोबिन १०.२ निघालं, लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मिळाल्या, तीन महिन्यांत १२.४ झालं, घरात सगळे खूश. मुंग्या मात्र वाढल्या. आता तो पहिला रिपोर्ट काढून बघतो तर त्यावर एमसीव्ही १०४ ठळक छापलंय, म्हणजे लाल पेशी नेहमीपेक्षा मोठ्या. नुसतं लोह कमी असेल तर त्या उलट लहान होतात, मोठ्या दिसल्या की बी-१२ हे जीवनसत्त्व नाहीतर फॉलेट (म्हणजे फॉलिकच) कमी असल्याचा संशय घ्यायचा असतो. कोणी बघितलंच नाही, मी तर हिमोग्लोबिनच्या पुढं वाचलंच नव्हतं.

चपलेच्या प्रकारानंतर मेव्हण्यानं दुसऱ्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकला की थरथरणारा धातूचा चिमटा, ठोकून मनगटाला लावला, झणझण लागलं. मग घोट्याच्या हाडाला लावला तर काहीच नाही. म्हटलं डॉक्टर, तो बंद पडला वाटतं. त्यांनी तोच परत मनगटाला लावला, चालू होता! मग पाय जुळवून डोळे मिटायला लावले तर मी डुलायला लागलो. बी-१२ तपासलं, १२८. लॅबची खालची मर्यादा २११. म्हटलं मी दूध पितो की, तर म्हणाले, चहातलं ना?

त्यांनी समजावलं ते असं, की बी-१२ बनवतात फक्त जंतू, भाजीपाल्यात ते नसतं, आपल्याला मिळतं ते दूध, अंडी, मासे, मटण यातून. त्यात मेटफॉर्मिननं लहान आतड्याच्या शेवटी त्याचं शोषण कमी होतं. आणि फॉलिकची गोळी घेतली की रक्त सुधारतं, पण नसांसाठी बी-१२ जे करतं ते फॉलिकला जमत नाही. म्हणजे रिपोर्ट सुधारत होता आणि आत पाय बिघडत चालले होते, शुगरचा वाटा असेलही थोडा, पण सगळं खापर तिच्यावर फोडून मोकळे झालो होतो आम्ही.

मग इंजेक्शनं. ते औषध सरबतासारखं लालभडक असतं, पहिल्यांदा बघून दचकलो होतो. आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, आता रोजची गोळी.

हे चालू असतानाच सूनबाईला तिसरा महिना, तिलाही फॉलिक चालू, तीही शाकाहारी. मुलगी पोषणशास्त्र शिकते, तिनं मला पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या कामाबद्दल सांगितलं. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या ६ गावांतल्या बायकांचा गरोदरपणापासून अभ्यास केला, पुढं त्यांची मुलंही तपासत राहिले. दोनतृतीयांश आयांमध्ये बी-१२ कमी, आणि फॉलेट कमी असलेली बाई निघाली फक्त एक! मुलं ६ वर्षांची झाल्यावर बघितलं तर ज्यांच्या आईचं फॉलेट जास्त आणि बी-१२ कमी, त्या मुलांमध्ये शरीरानं इन्सुलिनला दाद न देण्याचं, म्हणजे पुढं शुगरकडं नेणारं, प्रमाण सगळ्यात जास्त. हे २००८ ला छापून आलं. माझ्या पायांना जी जोडी नडली तीच तिथं पोटातल्या पोरांच्या बाबतीत, वाचून अंगावर काटा आला. फॉलिक बंद करायचं नाही बरं का, ते बाळाच्या मणक्यासाठी लागतंच, प्रश्न बी-१२ विसरण्याचा आहे. पुढं त्याच गावांतली पोरं वयात आली तेव्हा त्यांना रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन बघितलं, म्हणजे साधारण रोजच्या गरजेएवढंच, आणि तेवढ्यानंही रक्तातलं प्रमाण वाढलं. मी इथं हजार मायक्रोग्रॅमच्या घरातली इंजेक्शनं टोचून घेत होतो.

सूनबाईला म्हटलं तुझंही तपासून घे. तिचं १६५ आलं. तिच्या डॉक्टरांनी लगेच सुरू केलं.

माझ्या मुंग्या बऱ्याच कमी झाल्यात, डोळे मिटून उभा राहू शकतो, उजव्या अंगठ्याचं टोक मात्र अजून बधिरच आहे. चप्पल सोडून मागं पट्टा असलेली सँडल घेतली. आणि सूनबाई रोज रात्री स्वतःबरोबर मलाही पेलाभर दूध देते, साय काढत नाही, तेवढं एक जड जातं.