डुक्कर फियाट बघायला दापोलीला

हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव बघायला सगळेच जातात, तसे आम्हीही गेलो. वाळूत टोपल्या मांडलेल्या, भोवती बायकांचं कडं, आणि बोली इतक्या झपाट्यानं चढते की नवख्या माणसाला आकडा कळेपर्यंत टोपली उचललेली असते. कल्ले उघडून बघायचे, अंगठ्यानं दाबून बघायचं आणि बोलायचं. घेणाऱ्याला मासा कळतो आणि विकणारीला घेणारा कळतो. हे आधी सांगते, कारण याच तालुक्यात मी दुसऱ्या एका लिलावाची तयारी बघितली आणि तिथं जे झालं ते अजून मनातून जात नाही.

नवऱ्याच्या मित्राचं आजोळ दापोली तालुक्यात आहे. गावाचं नाव देत नाही, घरच्यांनी नको म्हटलंय. त्यांच्याकडे १९५० च्या दशकातली फियाट ११०० आहे, जिला आपल्याकडे सगळे डुक्कर फियाट म्हणतात. पुढची पिढी पुण्या-मुंबईला, घरात दोन म्हातारी माणसं. त्यामुळे गाडी ऑनलाइन लिलावात काढायचं ठरलं होतं आणि लिलाववाल्यांचा माणूस पाहणीला येणार होता. मला जुन्या गाड्यांचं वेड आहे हे मित्राला माहीत, म्हणून बोलावणं आलं.

ताम्हिणी उतरून माणगावमार्गे गेलो. रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मुरूडला राहिलो, तिथली खोली स्वच्छ होती, जेवण उत्तम होतं, पण किनाऱ्यावर दिवसभर गाड्यांचा धुमाकूळ होता. लोक नव्याकोऱ्या गाड्या ओहोटीच्या वाळूत घालतात, लाटेत चाकं बुडवून फोटो काढतात आणि रुतली की ट्रॅक्टर बोलावतात. मला हे बघवत नाही. ते खारं पाणी पत्र्याच्या जोडांत, ब्रेकच्या नळ्यांवर, खालच्या प्रत्येक खाचेत जाऊन बसतं आणि घरी जाऊन वरून फवारा मारला म्हणून निघत नाही. फिरायला आलेल्या कुटुंबांनाही त्या गाड्यांचा त्रास होतो. किनाऱ्यावर गाडी घालायला सरळ बंदीच हवी आणि ती पाळली जायला हवी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरी पोचलो. आगरातून आत जायची वाट, पुढे चिऱ्यांचं घर आणि बाजूला कौलारू गाडीखाना. काकूंनी आधी घावणे आणि नारळाचा रस समोर ठेवला. गाडी दाखवायची घाई त्यांना नव्हती, मला होती.

गाडीखान्यात ती चिऱ्यांवर चढवून ठेवली होती, चारही चाकं जमिनीपासून वर. राखाडी रंग, गोल पाठ, पुढचा तो फुगीर तोंडवळा. पुढची दारं उलटी, म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. फियाटनं हे मॉडेल १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आणलं आणि कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं ते आपल्याकडे जोडायला घेतलं. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेली हीच ती कंपनी. याच ११०० च्या वंशात पुढे पद्मिनी आली, जिच्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला मुंबईनं ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप दिला. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. आकडे लहान वाटतात, पण या गाडीनं घाट चढलेत आणि खाड्यांवर पूल नव्हते तेव्हा जंगारवरून पाणी ओलांडलंय. काका ते सांगत होते तेव्हा त्यांचा हात बॉनेटवर होता.

या गाडीची एक गोष्ट समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जुन्या जीपला खाली शिडीसारखी वेगळी चासी असते आणि वरचा पत्रा सडला तरी चासी उभी राहते. डुक्कर फियाटला तशी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. फरशीचा पत्रा, दाराखालच्या पट्ट्या, मागचे कमानपाटे, म्हणजे धक्के झेलणाऱ्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, जिथं बसतात त्या जागा, यांतलं काही गंजलं की गाडीचा कणाच गेला. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, वर्षातले चार महिने भिजलेल्या हवेत अशी गाडी साठहून जास्त वर्षं टिकली, तर ती आपोआप टिकलेली नसते.

ती ज्यानं टिकवली तो माणूस तिथंच उभा होता. त्याचे वडील या घराचे ड्रायव्हर, त्याचं स्वतःचं दापोलीत छोटं गॅरेज. त्यानं जमिनीवर गोणपाट टाकलं आणि म्हणाला, "ताई, वरनं कोन पन बघंल. गाडी खालनं बघायची." मी साडी सावरून सरळ गाडीखाली गेले. टॉर्चच्या उजेडात त्यानं एकेक जागा दाखवली. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा कापून नवा बसवलेला, गॅस वेल्डिंगची शिवण बारीक आणि सरळ. मूळ पत्र्यावर मजबुतीसाठी ज्या उभ्या नाळी असतात, त्या त्यानं नव्या तुकड्यावर हातोडीनं ठोकून तशाच उठवल्या होत्या. मागच्या पाट्यांची जागा मात्र मूळची, कंपनीतून आली तशी. तिथवर गंज पोचूच दिला नव्हता.

मग त्यानं वही काढली. वडिलांनी सुरू केलेली, पुढे त्यानं चालवलेली. दर वर्षी मृगाच्या आधीची नोंद: खालून गोड्या पाण्यानं धुतली, दोन दिवस वाळवली, जळकं ऑइल ब्रशनं मारलं, चिऱ्यांवर चढवली, काचा बोटभर उघड्या ठेवल्या. ताडपत्री घालायची नाही, आत दमट कोंडतं. कुठला तुकडा कधी कापला, पत्रा कुठून आणला, किती पैसे लागले, सगळं. एका पानावर फरशीचं चित्र काढून कापलेला भाग पेन्सिलीनं रंगवला होता. मोठ्या संग्रहांच्या फायली मी छापील रूपात बघितल्यात, पण यापेक्षा प्रामाणिक कागद कुठे पाहिल्याचं आठवत नाही.

लिलाववाल्यांचा माणूस अकराच्या सुमारास आला. तो आपलं काम जाणत होता, हे मान्य करते. फडक्यात गुंडाळलेलं चुंबक पत्र्यावरून फिरवलं, कारण पुट्टी भरलेल्या जागी चुंबक धरत नाही. इंजिनावरचा नंबर आरसी बुकाशी जुळवला, तो जुळला. मग खाली टॉर्च मारून त्यानं टॅबवर लिहिलं: फरशी मूळ नाही. त्यामुळे अंदाजी किंमत उतरणार, असं काकांना सांगितलं. मेकॅनिकनं वही पुढे केली. त्यानं दोन पानं उलटली आणि परत देत म्हणाला, "छान आहे, पण फॉर्ममध्ये याला रकाना नाही."

मेकॅनिक काही बोलला नाही. मला मात्र राहवलं नाही.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये आरएम सदबीज या लिलाव कंपनीनं कॅलिफोर्नियात मॉन्टेरेला १९६२ ची फेरारी २५० जीटीओ विकली, ४ कोटी ८४ लाख डॉलरला. त्या गाडीची बॉडी १९६४ साली बदललेली आहे. मूळ आकार काढून फेरारीच्या बॉडी बनवणाऱ्या स्कालिएत्तीच्या कारखान्यात नव्या पद्धतीची बॉडी चढवली गेली. कुणी तिला उणी मानलं नाही, कारण कधी, कुठे, कुणी बदलली याची नोंद पक्की आहे. २०१५ मध्ये पॅरिसला आर्टक्युरिअल या लिलाव कंपनीनं बायों कुटुंबाच्या शेडमधल्या गाड्या विकल्या. धूळ, गंज, काहींची छतं बसलेली. त्यांतली मासिकांच्या गठ्ठ्यांखाली सापडलेली फेरारी १ कोटी ६३ लाख युरोला गेली. म्हणजे तिकडे बदलाची नोंद असली तर तो इतिहास, आणि काहीच न करता पडू दिलेली गाडीही इतिहास. मग इथं वर्षानुवर्षं हातानं जपलेली, प्रत्येक तुकड्याचा हिशेब असलेली गाडी फक्त उणी कशी? स्कालिएत्तीचं नाव जगाला माहीत आहे आणि दापोलीच्या गॅरेजचं नाही, एवढाच फरक मला दिसतो.

हे मी लिलाववाल्यांच्या माणसाला सांगितलं, बहुधा जरा मोठ्या आवाजात. त्यानं ऐकून घेतलं. मग कायद्याचा मुद्दा निघाला. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. घरच्यांना तीच धास्ती होती. माझं मत स्पष्ट आहे: सडलेला पत्रा काढून त्याच आकाराचा, त्याच जागी बसवणं हा फेरफार नाही, ती दुरुस्ती आहे. आणि हे दाखवायलाच ती वही हवी. या मुद्द्यावर तो माणूस थांबला आणि वहीच्या पानांचे फोटो घेतो म्हणाला.

दुपारी जेवायला सगळे एकाच पंगतीत बसलो. मोदक, वालाचं बिरडं, सोलकढी. काकूंनी त्याला आग्रहानं वाढलं, मेकॅनिकलाही, मलाही. पुढचे दिवस आंजर्ल्याला गणपतीच्या दर्शनात आणि समुद्रावर गेले.

दिवाळीनंतर गाडी लिलावात आली. अहवालात फरशीच्या दुरुस्तीची ओळ होती आणि शेवटी वहीची पानं जोडलेली होती. किंमत सांगू नये असं घरच्यांचं म्हणणं आहे, पण राखीव किमतीच्या, म्हणजे जिच्याखाली विकायची नाही त्या रकमेच्या, वर गेली. साताऱ्याच्या एका माणसानं घेतली. बोली लावण्याआधी त्यानं मेकॅनिकला फोन करून कमानपाट्यांच्या जागेबद्दल खोदून खोदून विचारलं होतं. वही मेकॅनिककडेच आहे, नव्या मालकानं झेरॉक्स नेली आणि पुढच्या मृगाआधी गाडी बघायला त्याला साताऱ्याला बोलावलंय.