छोट्या वायनरीत टेस्टिंगला जायचं म्हणजे... माझा अनुभव

मोठ्या वायनरीत टेस्टिंग म्हणजे तिकीट काढा, घोळक्यात उभे रहा, गाइड पाठ केलेलं बोलणार, चार ग्लास आणि संपलं. म्हणून यावेळी ठरवलं की आडगावातली, घरच्याच माणसांनी चालवलेली छोटी वायनरी बघायची, जिथे वाइन बनवणारा माणूसच आपल्या ग्लासात ओततो. दिवस मस्त गेला, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिथे पोचायच्या आधी जो ताप झाला तो सांगतेच, कारण त्याबद्दल कोणी लिहीत नाही, सगळे नुसते द्राक्षांच्या मळ्यातले फोटो टाकतात.

वेबसाइटवर ठळक लिहिलेलं, आधी बुकिंग केल्याशिवाय येऊ नये. बरं. फॉर्म उघडला, नाव, तारीख, वेळ सगळं भरलं आणि मग आला ‘किती जण’ हा रकाना. आम्ही दोघं, मी आणि नवरा. २ टाकलं की लाल अक्षरात ‘कृपया योग्य संख्या भरा’. आता २ मध्ये अयोग्य काय आहे? बरंच खाली बारीक अक्षरात सापडलं की किमान सहा जण लागतात, कमी असाल तर आमच्याशी संपर्क साधा. संपर्क साधा वर क्लिक केलं तर परत तोच फॉर्म!! परत २, परत लाल अक्षरं. नवरा म्हणाला सहा टाक, जाऊ दोघंच, बाकीचे आजारी पडले म्हणून सांगू. मी नाही म्हटलं, कारण एवढ्या छोट्या जागी ते लोक सहा जणांच्या हिशोबाने बाटल्या उघडून ठेवणार आणि उघडलेली वाइन दोन-चार दिवसांत उतरायला लागते, उगाच त्यांचं नुकसान कशाला.

मग मेल केला. मिनिटभरात उत्तर, मी खूश, उघडून बघते तर ऑटोमॅटिक. ‘सध्या काढणी सुरू आहे, उत्तराला वेळ लागेल.’ किती वेळ ते नाही. फोन केला तर वाजून वाजून व्हॉइसमेलवर जातो आणि तो व्हॉइसमेल भरलेला. आणि या सगळ्या काळात यांच्या पेजवर मात्र रोज ताज्या द्राक्षांचे क्रेट, टाक्या, हसणारी माणसं. म्हणजे फोन हातातच आहे की तुमच्या! माझं डोकं इतकं फिरलेलं की तेवढ्यासाठी रद्द करणार होते.

नंतर तिथे गेल्यावर कळलं की काढणीत खरंच यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. द्राक्षातली साखर ब्रिक्समध्ये मोजतात, ती २४ च्या आसपास आली की साधारण १३-१४ टक्के अल्कोहोलची वाइन होते, आणि त्यापुढे तोडायला उशीर केला तर साखर वाढत जाते, आंबटपणा कमी होतो आणि वाइन बोथट लागते. द्राक्षं काही आपल्या बुकिंगसाठी थांबत नाहीत. शिवाय रेडच्या टाकीत आंबताना कार्बन डायऑक्साइडमुळे सालं वर येऊन जाड थर जमतो, तो दिवसातून दोन-तीनदा दांड्याने खाली दाबावा लागतो, नाहीतर सुकतो, बिघडतो, आणि सालीतला रंग आणि टॅनिन (तोंडाला तुरट लागणारा घटक) रसात नीट उतरत नाही. हे सगळं करणारा जो माणूस तोच फोन उचलणारा. मान्य. शंभर टक्के मान्य. पण मग त्या फॉर्मवर एक ओळ टाका ना की दोघंच असाल तर सकाळी लवकर फोन करा!

कारण शेवटी काम झालं ते तसंच. सात वाजता, त्यांचं काम सुरू व्हायच्या आत लावला फोन. पहिल्या रिंगला उचलला. मागे कसल्यातरी पंपाची घरघर. "दोघंच ना? या की. फक्त अकराच्या आत या, नंतर द्राक्षं पिळायचा प्रेस लावतो." मी विचारलं फॉर्म भरायचाय का, तर म्हणतात, "कुठला फॉर्म?"

असो.

बाकी सगळं सुरळीत. मालकांचे हात नखांपर्यंत काळे-जांभळे झालेले, म्हणाले आता काही आठवडे असेच राहणार. त्यांनी काळं द्राक्ष चिमटीत दाबून दाखवलं, रस जवळजवळ बिनरंगी! रेडचा सगळा रंग सालीचा. मग काचेच्या लांब नळीने बॅरलमधूनच थेंबभर चाखायला दिली. २२५ लिटरचा ओक बॅरल म्हणजे साधारण ३०० बाटल्या, आणि लाकडातून थोडी थोडी उडून जाते म्हणून तो अधूनमधून वरपर्यंत भरत रहावा लागतो. ती बॅरलमधली अजून कच्ची, जीभ कोरडी पडेल इतकं टॅनिन, पण मला तीच सगळ्यात आवडली.

हो, परफ्यूम लावून जाऊ नका प्लीज. वास हेच अर्धं टेस्टिंग आहे आणि आमच्या नंतर आलेल्या एका बाईंच्या अत्तराने खोलीचा पार सत्यानाश केला. आधी हलक्या व्हाइट, मग रेड, गोड शेवटी, हा क्रम मोडू नका, गोड आधी घेतली की पुढचं सगळं आंबट लागतं. आणि थुंकायला भांडं ठेवलेलं असतं ते वापरायला लाजायचं नाही, वाइन बनवणारे स्वतः थुंकतात. गाडी चालवणाऱ्याने मात्र थुंकूनही पिऊ नये असं माझं मत, नवऱ्याने नुसते वास घेतले आणि परत येताना तासभर त्यावर बोलला. टाक्यांच्या खोलीत गेलात तर आंबणाऱ्या टाकीवर वाकून बघू नका, आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड तिथे साठतो आणि त्याने माणूस गुदमरू शकतो, हे त्यांनी दोनदा बजावलं.

एखाद्या बाटलीला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर तसं सांगा, कॉर्क खराब असतो कधीकधी, दुसरी उघडून देतात. आम्हाला दिली.

घेतलेल्या बाटल्या डिकीत टाकू नका, उन्हात डिकी तापते आणि वाइन शिजते, कॉर्कसुद्धा वर सरकतो. आमच्या मागच्या सीटवर आल्या, एसी लावून, सीटबेल्ट बांधून.