आमची फियाट नक्की कुठल्या रंगाची होती?

परवा रविवारी फियाट साताऱ्याला घरी आली. टोचन करून नाही, स्वतःच्या इंजिनवर, खंबाटकी चढून. गेल्या डिसेंबरात पुण्यात गॅरेजला टाकली तेव्हा डेंटरमामा म्हणाले होते "दोन महिने धरा दादा", आणि आता नोव्हेंबर संपत आलाय. म्हणजे मामा खोटं बोलले असं नाही, गाडीच दर आठवड्याला नवीन काहीतरी काढून दाखवत होती त्याला ते तरी काय करणार.

आरसी बुकात प्रीमियर पद्मिनी, मॉडेल १९८४. पण आमच्या घरात पद्मिनी कोणीच म्हणत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ही गाडी फियाट म्हणूनच बनायला लागली, पद्मिनी हे बारसं नंतरचं, १९७४ चं, तोवर लोकांच्या तोंडात फियाट बसलं ते बसलंच. बाबांनी १९९१ ला सेकंडहँड घेतली, मी जन्मलो त्याच्या पुढच्या वर्षी, त्यामुळे गाडी माझ्यापेक्षा सीनियर आहे हे मला लहानपणापासून ऐकवलं गेलंय. गियर स्टिअरिंगला, पुढची सीट सलग, त्यामुळे मधली जागा माझी आणि दाराची त्रिकोणी काच ताईची, त्या काचेवरून आमची जेवढी भांडणं झाली तेवढी इस्टेटीवरून पण होणार नाहीत. २००९ ला बाबांनी नवीन गाडी घेतली आणि फियाट मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली ती तेरा वर्षं तिथेच. टायर बसले, मागच्या सीटवर मांजरीची तीन बाळंतपणं झाली, भंगारवाला दर दिवाळीला नियमाने विचारून जायचा.

तर माझ्या डोक्यात एकच चित्र होतं, निळी फियाट. आमच्या फाटकासारखी निळी. फाटक आणि गाडी एकाच रंगाचे, मला लहानपणी वाटायचं बाबांनी मुद्दाम मॅचिंग केलंय, शाळेत तसं सांगितलं पण होतं मी. त्यामुळे रंगाचा प्रश्नच नव्हता, प्रश्न होता पत्र्याचा.

पहिल्या दिवशी मामांनी विचारलं, घरात फ्रिजला लावायचं लोहचुंबक आहे का. मी गणपतीवालं नेलं. त्यांनी ते कागदात गुंडाळलं आणि गाडीवरून डॉक्टर स्टेथोस्कोप फिरवतो तसं फिरवत निघाले. टपावर चिकटलं, बोनेटवर चिकटलं, डाव्या मडगार्डवर आलं आणि गणपती खाली पडला. परत लावला, परत पडला. मामा म्हणाले "इथं पत्रा नाय, लांबी हाय", लांबी म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, आणि छिन्नी लावून एकच ठोका दिला तर अर्ध्या इंचाची लांबीची वडीच्या वडी निघाली, बर्फीसारखी, तिच्या मागे गोणपाटाचा तुकडा आणि गोणपाटामागे डायरेक्ट टायर दिसत होता. कोणीतरी कधीतरी भोकात गोणपाट कोंबून वरून लांबी थापली होती आणि आम्ही त्यावर दर दसऱ्याला हळदकुंकू वाहत होतो.

त्यानंतर मॅट काढल्या. खाली जाड वाकळीसारखं काहीतरी असतं आवाज कमी व्हायला, ते पाणी धरून ठेवतं आणि त्याच्याखालचा पत्रा शांतपणे सडतो. ड्रायव्हरच्या पायाखाली तळहाताएवढं भोक. पण खरी बातमी सिलची होती. दाराच्या खाली जी लांबच्या लांब पेटी असते ना पत्र्याची, ती दोन्ही बाजूंनी गेली होती. आता जीपसारखी किंवा ट्रकसारखी खाली वेगळी चासी असती तर एवढं घाबरायचं कारण नव्हतं, पण फियाटला वेगळी चासी नाही, सगळी बॉडी मिळूनच गाडीचं ओझं पेलते आणि त्यात सिल म्हणजे पाठीचा कणा. हे मला आधी कळलं नव्हतं. मी म्हटलं कापा आणि नवीन लावा की, त्यावर मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप चहा आणायला गेलो.

एका वेळी एकच बाजू. आधी गाडी जॅकवर आणि लाकडी ठोकळ्यांवर लेव्हलला घेतली, मग दारं काढून दाराच्या चौकटीत आडवे पाईप टाचून घेतले म्हणजे सिल कापल्यावर चौकट दबणार नाही, आणि मगच ग्राइंडर लावला. हे न करता कापलं तर गाडी मधून बसते, डोळ्याला दिसत नाही पण नवीन सिल वेल्ड झाल्यावर दार लावायला गेलात की दार लागत नाही, आणि मग आयुष्यभर ते दार आपटून लावायचं. मामांची टेस्ट अशी की दाराच्या फटीत एक्सोब्लेड, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं पातं, आडवं घालून वरपासून खालपर्यंत फिरवायचं, कुठे अडकता कामा नये आणि कुठे ढिलंही पडता कामा नये. डाव्या मागच्या दाराला हे जमेपर्यंत त्यांनी टाके चार वेळा तोडले. मी त्या दिवशी ऑफिसला दांडी मारून तिथे स्टुलावर बसलो होतो आणि खरं सांगतो, इतका एकाग्र माणूस मी बऱ्याच दिवसांनी बघितला.

पत्र्यात मे उजाडला. मग रंग.

निळ्याचं सॅम्पल पाहिजे होतं. गाडीवरचा निळा उन्हाने पार राखाडी झालेला, त्याच्यावरून काय मॅच करणार, म्हणून मी साताऱ्याला जाऊन फाटकाच्या बिजागरीच्या मागून, जिथे ऊन कधी लागलंच नाही, तिथून खवलं काढलं रंगाचं. रंगवाल्याने मशीनवर धरलं, मशीनने एक फॉर्म्युला दिला, पण मशीनवर सगळं सोडायचं नसतं, त्याने पत्र्याच्या तुकड्यावर मारून, वाळवून, बाहेर उन्हात नेऊन बघितलं, मग दोन थेंब काळा, परत वाळवून परत उन्हात. ओला रंग आणि वाळलेला रंग वेगळा दिसतो आणि ट्यूबलाइटखाली जे जुळतं ते उन्हात जुळेलच असं नाही. तीन फेऱ्यांत जमला. मामा म्हणाले आधी एकच लिटर घ्या. हा सल्ला पुढे सोन्याचा ठरला.

कारण बोनेट आणि टपाचा जुना रंग वरून चांगला धरलेला दिसत होता, म्हणून ठरलं की तिथे पत्र्यापर्यंत जायचं नाही, नुसता वॉटरपेपर मारून त्याच्यावर सरफेसर, म्हणजे रंगाच्या आधीचा थर, घेऊ. बोनेटवर पहिला हात मारला. दोन मिनिटं सगळं झकास. मग मधोमध एक सुरकुती उठली, मग तिच्या शेजारी दुसरी, आणि बघता बघता गार दुधावरची साय फुंकर मारल्यावर गोळा होते तसा अख्खा रंग गोळा झाला. पेंटरने गन खाली ठेवली आणि म्हणाला "दादा, खाली ऑइलपेंट हाय. गाडीला कोन ऑइलपेंट मारतं?"

फोन लावला बाबांना. म्हटलं बाबा, गाडीला कधी ऑइलपेंट मारला होता का? पलीकडे शांतता. मग म्हणाले, "फाटकाचा उरला होता."

झालं असं होतं की गाडी घेतली तेव्हा क्रीम होती, कंपनीचा रंग. चार-पाच वर्षांत दाराखालून गंजाचे ओघळ दिसायला लागले, क्रीमवर ते जास्तच दिसतात, आणि गाडी रंगवणाऱ्याने सांगितलेला आकडा बाबांच्या त्या वेळच्या पगाराच्या वर होता. १९९६ ला कंपाउंडचं काम चालू होतं, फाटक रंगवायला जो माणूस आला होता त्याला बाबांनी विचारलं, जमेल का. तो म्हणाला न जमायला काय झालं. गाडीच्या पेंटरकडचा स्प्रेगन भाड्याने आणला आणि अंगणात दोन दिवसांत फियाट निळी. मी तेव्हा चार वर्षांचा, मला आधीची क्रीम गाडी आठवतच नाही. आणि ते मॅचिंग वगैरे काही नव्हतं, डबा संपवायचा होता.

आता ऑइलपेंटवर पीयूचा, म्हणजे गाड्यांना मारतात त्या पॉलियुरेथेन रंगाचा, तीव्र थिनर पडला की खालचा थर फुगून उचलतो, कितीही वर्षं झाली असली तरी भरवसा नाही. म्हणजे टपापासून डिकीपर्यंत सगळं खरवडणं आलं. रिमूव्हर लावून, पातीने, मग ८० नंबरचा पेपर. मी शनिवार-रविवार जाऊन डिकीचं झाकण स्वतः खरवडलं. कडेला पेपर गोल गोल फिरवला की थर दिसायला लागतात, बाहेर फिकट निळं कडं, मग गडद निळं, मग बारीक रेघ विटकरी प्रायमरची, मग आत क्रीम, एकदम स्वच्छ, दुधाच्या खरवसासारखं. ते बघून मी जरा थबकलोच. जुन्या गाड्यांवाले मित्र आधीपासून सांगत होतेच की कंपनीचाच रंग मार, निळा म्हणजे चूक आहे, गाडी ओरिजिनल पाहिजे. त्यांचं मी ऐकलं नव्हतं, कारण माझ्यासाठी ओरिजिनल म्हणजे निळीच ना. फोटोत निळी, सहलीत निळी, ताईच्या लग्नात फुलं लावलेली ती पण निळी.

बाबा एकदा गॅरेजला आले आणि ते कडं बराच वेळ बघत उभे राहिले. मी म्हटलं निळाच मारतोय, सॅम्पल पण तयार आहे. ते म्हणाले, "तुला आवडतो तर मार. मला तो रंग एक दिवससुद्धा आवडला नाही." आणि मग दारापर्यंत जाऊन परत वळून, "आरसीवर क्रीमच आहे. कधी वाचलंयस का?"

वाचलं नव्हतं. खरोखर रंगाच्या रकान्यात क्रीम. म्हणजे आयुष्यभर सरकारी नोकरीत दुसऱ्यांचे कागद तपासलेल्या माणसाने आरटीओत रंगाची नोंद न करता इतकी वर्षं गाडी फिरवली होती, आणि ते त्यांना एवढी वर्षं टोचत होतं हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

क्रीम ठरला. सॅम्पल मागच्या काचेच्या रबराखाली सापडलं.

तेवढ्यात पावसाळा लागला आणि मामांनी काम बंद केलं, दमट हवेत रंग मारला तर चमक मरते, वर पांढुरकी झाक येते, रंगासाठी बंद बूथ असलेल्या मोठ्या वर्कशॉपना काही फरक पडत नाही पण आमचं गॅरेज म्हणजे तीन बाजूंनी प्लास्टिक. त्या वेळात मी बाकीचं केलं. कार्बोरेटर उघडला, पेट्रोलचे सगळे रबरी पाईप बदलले कारण हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला जुनी रबरं टिकत नाहीत. दाराची हँडलं आणि पुढचं एक बंपर कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळालं, बहुतेक कुठल्यातरी टॅक्सीचं. गाडी जिथे जन्मली तिथूनच तिचे पार्ट भंगारातून आणायचे हे जरा कसंतरी वाटलं. आणि योगायोग असा की आमचा रंग मारला तो ऑक्टोबर २०२३ मध्ये, मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या त्याच महिन्यात.

रंग मारताना एक गोष्ट मात्र ज्यांना घरी करायची हौस आहे त्यांना सांगतो. पीयू कडक व्हायला त्यात जो हार्डनर मिसळतात त्यात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, त्याने कायमचा दमा लागू शकतो. आमचा पेंटर तोंडाला ओला रुमाल बांधून मारणार होता, वीस वर्षं तसंच मारतो म्हणे. त्याच्याशी चक्क भांडून त्याला फिल्टरवाला मास्क घालायला लावला. तीन कोट, मधे दहा-पंधरा मिनिटं थांबून, मग आठवडाभर हात लावायचा नाही, मग १५०० आणि २००० चा पेपर पाण्यात घासून रबिंग. दुसऱ्या दिवशी बघितलं तर टपावर एक चिलट चिकटलेलं. ते तसंच आहे, मामा म्हणाले काढायला गेलो तर खड्डा दिसेल.

पैसे विचारू नका. आईला मी निम्मा आकडा सांगितलाय आणि तिला तोही पटलेला नाही.

तर रविवारी बाबांना पुण्याला बोलावलं आणि निघालो, चालवायला तेच. पासिंगचं परत नूतनीकरण करून घेतलंय, पंधरा वर्षांवरच्या गाडीला २०२३ मध्ये पाच हजार फी होती, वर पर्यावरण कर वेगळा. खंबाटकी घाटात निम्म्यात गाडी पहिल्या गियरमध्ये अडकली, स्टिअरिंगच्या गियरला हा जुना रोग, खालच्या लिंकेजचे बूश झिजले की दांड्या एकमेकींत अडकतात. मी फोनवर मामांचा नंबर शोधतोय तोवर बाबा उतरले, नवीन पांढरा शर्ट घातलेला माणूस, बोनेट उघडलं, हात कोपरापर्यंत आत घातला, खट्ट असा आवाज झाला. परत येऊन बसले. शर्टाला ग्रीस लागलं होतं ते आईपासून लपवायला बाही दुमडली, आणि तसेच घरापर्यंत गुणगुणत आले.

निळ्याचा लिटरभर डबा उरला होता, तो गेल्या आठवड्यातच साताऱ्याला नेऊन फाटकाला मारला. आधी जुना रंग पार लोखंडापर्यंत खरवडून, दोन दिवस गेले त्यात, ऑइलपेंटवर परत कोण मारतो. आता फाटक गाडीपेक्षा जास्त चमकतंय. बाबा म्हणाले फाटक पण क्रीम केलं असतं की. मी म्हटलं फाटकाला हात लावायचा नाही.