विद्यापीठाचं टेनिस कोर्ट आणि खालची काळी माती

मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात मी क्रीडा विभागात काम करतो. आमची टेनिसची दोन कोर्टं मुरमाची होती. पावसाळाभर बंद, एरवी रोज पाणी मारा, रोलर फिरवा, चुन्याच्या रेषा ओढा. आंतरविद्यापीठ स्पर्धेत मुलांना हार्ड कोर्ट, म्हणजे डांबर-काँक्रीटवर रंगाचे थर दिलेलं कडक कोर्ट, मिळालं की चेंडूची उसळी समजेपर्यंत पहिला सेट हातातून गेलेला असायचा. आपली कोर्टंही हार्ड करायला हवीत यावर सगळ्यांचं एकमत होतं. वाद झाला तो रंगावर.

समितीची पहिली बैठक जवळजवळ निळा की हिरवा यातच गेली. २०१८ साली महाराष्ट्र ओपन ही टेनिस स्पर्धा चेन्नईहून पुण्याला आली, तेव्हापासून बालेवाडीच्या तिथल्या कोर्टांचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये होतेच. पिवळा चेंडू निळ्यावर उठून दिसतो, म्हणून अमेरिकन ओपननेही २००५ मध्ये आतला भाग निळा केला, एवढं सांगून मी तो विषय मिटवला. खाली काय घालायचं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

खाली काळी माती होती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर थेट खडी-डांबर टाकलं तर दोन-तीन पावसाळ्यांत वरच्या महागड्या ॲक्रिलिक रंगाच्या थरांना तडे जाणारच. पुरवठादारांची दरपत्रकं मागवली, तर प्रत्येकात रंगाच्या थरांचं वर्णन: पाच थरी, आठ थरी, पायाला मऊ लागणारे उशीचे थर वेगळे. आणि शेवटी बारीक अक्षरात, 'तयार पायावर'. हा पाया तयार कोण करणार? विद्यापीठ. म्हणजे उद्या तडा गेला की बांधकामवाला रंगवाल्याकडे बोट दाखवणार आणि रंगवाला बांधकामवाल्याकडे.

आमच्या अभियंता मॅडमनी इथे ठाम भूमिका घेतली. पायापासून रेषांपर्यंत एकच निविदा, एकच ठेकेदार आणि दोषदायित्वाचा, म्हणजे दोष निघाला तर ठेकेदाराने दुरुस्त करून देण्याचा, कालावधी संपूर्ण कामाला लागू. अंदाजपत्रक त्यामुळे बरंच फुगलं. इमारत व बांधकाम समिती, मग वित्त व लेखा समिती, मग व्यवस्थापन परिषद, असा फाइलचा प्रवास झाला. एका शेऱ्यात विचारलं होतं, 'खेळाच्या मैदानासाठी एवढे खोदकाम कशासाठी?' मॅडमनी उत्तरासोबत परिसरातल्याच भेगा पडलेल्या अंतर्गत रस्त्याचे फोटो जोडले. लेखी स्पष्टीकरणापेक्षा त्या फोटोंनीच काम केलं, असं माझं मत.

दुसरा शेरा उताराचा. पाणी वाहून जावं म्हणून कोर्टाला उतार दिला तर चेंडू घरंगळत जाणार नाही का? प्रश्न हसण्यासारखा नाही. मलाही आधी तसंच वाटायचं. खेळायचं कोर्ट २३.७७ बाय १०.९७ मीटर, पण भोवतालची मोकळी जागा धरून आम्ही ३६.५७ बाय १८.२९ मीटर घेतलं. शंभराला एक उतार धरला तर रुंदीत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फरक पडतो जेमतेम १८ सेंटिमीटर. खेळताना तो कळतही नाही. अट एकच, उतार सलग एकाच बाजूला हवा. नेटपाशी उंचवटा करून दोन्हीकडे उतार काढणं चूक.

दिशाही बदलली. जुनी कोर्टं रस्त्याला समांतर म्हणून पूर्व-पश्चिम होती. संध्याकाळी एका खेळाडूच्या डोळ्यात सूर्य यायचा. नवी उत्तर-दक्षिण आखली.

खोदकाम कठीण मुरूम लागेपर्यंत केलं. मग मुरमाचा भराव, दगडी सोलिंग (मोठ्या दगडांचा थर), खडीकरण, डांबराचे दोन थर. डांबराआधीच्या प्रत्येक थराला पाणी आणि रोलर. डांबर झाल्यावर काही आठवडे तसंच ठेवायचं असतं, त्याशिवाय वरचा थर नीट धरत नाही. या काळात मला सर्वांत जास्त फोन आले: 'काम बंद का आहे?'

मग पाण्याची परीक्षा. डांबरावर टँकरने पाणी सोडलं आणि तासभर थांबलो. जिथे पाणी साचून राहिलं तिथे नाणं ठेवायचं. नाणं बुडालं की खडूने घेर काढून ती जागा भरून घ्यायची. एका कोर्टाच्या कोपऱ्यात असे बरेच घेर निघाले. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, 'सर, रंगात झाकून जाईल.' मॅडम म्हणाल्या, 'रंगात झाकेल, पावसात दिसेल. भरा.' तो गुमान भरू लागला.

ॲक्रिलिकचे थर एप्रिलमध्ये आले. दुपारी डांबर इतकं तापायचं की थर ओढता ओढताच वाळायचा, म्हणून पहाटे सुरू करून ऊन चढायच्या आत आवरायचं.

पहिल्या पावसाळ्यात सर थांबली की मुलं रबरी पट्टीने पाणी ओढून लगेच खेळायला उतरत होती. प्रकाशझोतांचे खांब अजून व्हायचे आहेत. खांब बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या टोकाच्या रेषेच्या, मागे नकोत, दोन्ही लांब बाजूंना हवेत, एवढं अंदाजपत्रकात आधीच लिहून ठेवलंय. ती फाइल सध्या वित्त विभागात आहे.